‘द विझर्ड ऑफ ऑझ’ आणि त्याचा न पटणारा शेवट

निमशहरी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात नऊ वर्षांची भाची सुट्टीसाठी आमच्याकडे आली होती, तेव्हा तिच्याबरोबर ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा १९३९ सालचा चित्रपट पुन्हा पाहिला. मी तो याआधी तीनदा पाहिला आहे आणि तिन्ही वेळा तो मला आवडला आहे. तेव्हा पुढचे लिखाण म्हणजे मुळातच न आवडलेल्या माणसाची कुरकुर समजू नये. चित्रपट संपला, डोरोथी कॅन्ससमधल्या आपल्या खाटेवर जागी झाली, भोवती सगळी माणसे जमली, घरासारखी दुसरी जागा नाही हे वाक्य झाले आणि भाचीने मला विचारले, “पण मग टोटोचं काय झालं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्यांनी चित्रपट पाहून बरीच वर्षे झाली असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टोटो हा डोरोथीचा कुत्रा. गावातल्या मिस गल्च नावाच्या मातब्बर बाईला तो चावतो, ती त्याला मारून टाकण्यासाठी शेरीफचा हुकूम घेऊन सायकलवरून येते आणि एम काकू व हेन्री काका कायद्यापुढे मान तुकवून कुत्रा तिच्या स्वाधीन करतात. टोटो टोपलीतून उडी मारून परत येतो, त्याला वाचवायचे म्हणून डोरोथी घर सोडते, पुढे वादळात घरासकट उडून ऑझ या जादूच्या देशात पोहोचते आणि तिथून पुढचे सगळे रामायण घडते. आता शेवट पाहा. ऑझमधली, मिस गल्चच्याच चेहऱ्याची दुष्ट चेटकीण पाणी पडून विरघळली हे खरे, परंतु ऑझ हेच जर स्वप्न होते, तर मिस गल्चला काहीही झालेले नाही आणि तिच्याजवळचा हुकूमही कायम आहे. उद्या सकाळी ती पुन्हा सायकलवरून येणार, काका-काकू पुन्हा मान तुकवणार. याविषयी पडद्यावर कोणी चकार शब्द काढत नाही.

माझा मुख्य आक्षेप इथूनच सुरू होतो. ज्या प्रश्नापायी ही मुलगी घराबाहेर पडली, तो प्रश्न चित्रपट वाऱ्यावर सोडतो आणि जो तिने कधी विचारलाच नव्हता त्याचे उत्तर तिच्याकडून पाठ म्हणवून घेतो. पुन्हा कधी मनातली इच्छा शोधायची वेळ आली तर मी आपल्या परसापलीकडे जाणार नाही, असे ती म्हणते. तासाहून अधिक वेळ आपल्याला परसापलीकडचे जग दाखवून, तेही टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्राच्या सगळ्या वैभवासह दाखवून, अखेरीस बाहेर पाहण्याचीच चूक झाली असे मुलांना सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

दुसरा आक्षेप ग्लिंडा या चांगल्या चेटकिणीबद्दल आहे. लाल माणकांच्या बुटांत घरी नेण्याची शक्ती आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक असते, कारण ते बूट तिनेच डोरोथीच्या पायांत आणलेले असतात. तरीही ती त्या पोरीला पिवळ्या विटांच्या रस्त्यावर एकटी सोडून बुडबुड्यातून निघून जाते, आणि शेवटी विचारले तर म्हणते, सांगितले असते तरी तुझा विश्वास बसला नसता. हा खुलासा माझ्या भाचीलाही पटला नाही.

मूळ पुस्तक वाचलेल्या सदस्यांचे मत वाचायला आवडेल.

अर्धविराम

आपला आक्षेप शेवटावर आहे, परंतु चित्रपट आला तेव्हाच्या टीकाकारांचे भांडण वेगळेच होते, हे इथे नोंदवावेसे वाटते. १९३९ साली ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये फ्रँक न्यूजंट यांनी चित्रपटाचे मनापासून स्वागत केले. ‘न्यू यॉर्कर’च्या रसेल मलोनी यांना मात्र त्यात कल्पकता, अभिरुची किंवा चातुर्य यांतले काहीच आढळले नाही आणि रंगांचा भडकपणा तर त्यांच्या डोळ्यांना सोसवला नाही. ‘न्यू रिपब्लिक’च्या ओटिस फर्ग्युसन यांनी लिहिले की या चित्रपटातली अद्भुताची हलकी झुळूक पाण्यात भिजलेल्या शेरभर फ्रूटकेकइतकी जड आहे. (वजनाचे माप मी आपल्याकडचे घातले आहे, उपमा त्यांचीच.)

ही टीका आज हास्यास्पद वाटते, पण तिच्यामागचे कारण समजण्याजोगे आहे. डिस्नेच्या १९३७ सालच्या ‘स्नो व्हाइट’ला अफाट यश मिळाले होते. एमजीएम या स्टुडिओने तसेच यश मिळवण्यासाठी सुमारे २८ लाख डॉलर खर्चून हा चित्रपट उभा केला, आणि तो पैसा पडद्यावर जागोजागी दिसत होता. विनोदी नट मंडळी सरळ व्होडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या करमणुकीच्या, रंगमंचावरून आलेली, त्यांचे हावभाव शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचवण्याच्या बेताचे. परीकथेत नाजूकपणा शोधणाऱ्या समीक्षकाला हे सगळे बाजारी वाटले असणार. पहिल्या प्रदर्शनात चित्रपटाचा खर्चही भरून निघाला नाही. ३ नोव्हेंबर १९५६ रोजी सीबीएस या वाहिनीने तो दूरचित्रवाणीवर दाखवला आणि पुढे दर वर्षी दाखवण्याची प्रथा पडली, तेव्हा कुठे तो घरोघरी पोहोचला. म्हणजे ज्याला आपण अभिजात म्हणतो तो दर्जा त्याला बऱ्याच अंशी पुनःपुन्हा पाहण्यातून मिळाला आहे. आणि पुनःपुन्हा पाहणाऱ्याला शेवटातल्या फटी दिसणारच.

मृगनक्षत्र

पुस्तकाविषयी विचारले आहे म्हणून सविस्तर लिहिते.

एल. फ्रँक बॉम यांचे पुस्तक १९०० साली आले, आणि धागाकर्त्यांच्या दोन्ही आक्षेपांचे मूळ पुस्तक व चित्रपट यांच्यामधल्या फरकांत आहे. ग्लिंडाचे आधी घेऊ. पुस्तकात चांगल्या चेटकिणी दोन आहेत. डोरोथीला सुरुवातीला भेटते ती उत्तरेची चेटकीण. ती वृद्ध आहे आणि बुटांत काही जादू आहे एवढेच तिला माहीत आहे, ती कोणती हे माहीत नाही. म्हणून ती मुलीला पाचूच्या नगरीतल्या जादूगाराकडे पाठवते, यात लबाडी काहीच नाही. ग्लिंडा ही दक्षिणेची चेटकीण, ती अगदी शेवटी भेटते आणि भेटताच बुटांचे रहस्य सांगून टाकते. चित्रपटाने दोघींची मिळून एक केली. पात्र वाचले, पण त्या एका काटछाटीमुळे भली बाई विनाकारण कपटी ठरली. बूटही पुस्तकात चांदीचे आहेत. टेक्निकलरमध्ये लाल रंग खुलून दिसतो म्हणून ते माणकांचे झाले.

मिस गल्च तर पुस्तकात नाहीच. शेतावरचे तीन गडी ऑझमध्ये बुजगावणे, पत्र्याचा माणूस आणि भित्रा सिंह होऊन भेटतात, ही जोडीही चित्रपटाचीच. पुस्तकातले ऑझ खरेखुरे आहे, स्वप्न नव्हे. डोरोथी परत येते तेव्हा चांदीचे बूट वाटेत वाळवंटात पडून गेलेले असतात, ती मोज्यांवर अंगणात उभी असते आणि हेन्री काकांनी तोवर नवे घर बांधलेले असते, कारण जुने वादळाने खरोखरच उडवून नेलेले होते.

आता त्या वाक्याबद्दल. घरासारखी जागा नाही हे वाक्य चित्रपटकर्त्यांनी पदरचे घातलेले नाही, ते पुस्तकात आहे. पण चौथ्या प्रकरणात, प्रवासाच्या सुरुवातीला आहे. बुजगावणे डोरोथीला विचारते की इतका सुंदर देश सोडून त्या कोरड्या, करड्या कॅन्ससला तुला का जायचे आहे. ती म्हणते, तुला मेंदू नाही म्हणून तुला हे कळत नाही. घर कितीही उदास असले तरी हाडामांसाची माणसे तिथेच राहणे पसंत करतात. त्यावर बुजगावणे जे म्हणते ते सबंध पुस्तकातले मला सर्वांत आवडणारे उत्तर आहे: तुमची डोकी माझ्यासारखी पेंढ्याने भरलेली असती तर तुम्ही सगळे सुंदर ठिकाणीच राहिला असता आणि कॅन्ससमध्ये माणूसच उरला नसता, तुम्हाला मेंदू आहे हे कॅन्ससचे नशीब.

बॉम यांनी ते वाक्य उच्चारले आणि त्याच श्वासात त्याची टोपीही उडवली. चित्रपटाने वाक्य उचलून शेवटी नेले आणि बुजगावण्याचे उत्तर मागेच ठेवले. माझ्या मते खरा घात तिथे झाला आहे.

टोकदार_पेन्सिल

वरचा प्रतिसाद फार आवडला. बुजगावण्याबद्दल एक बारीकशी भर घालतो. चित्रपटात जादूगार त्याला मेंदूऐवजी पदवीचा कागद देतो आणि ते लगेच त्रिकोणाचा सिद्धांत म्हणून दाखवते. ते जे बोलते ते पायथागोरसचे प्रमेय नाही. समद्विभुज त्रिकोणाच्या बाजूंची वर्गमुळे वगैरे काहीतरी आहे आणि ते साफ चुकीचे आहे. पदवी मिळाल्यावर चुकीचे प्रमेय ठासून म्हणणे हा लेखकांनी जाणून केलेला विनोद आहे की नजरचूक, यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकदा मधली सुट्टी संपेपर्यंत वाद झाला होता.

दूरदेशी

या शेवटावरची सर्वांत धारदार टीका मुंबईत जन्मलेल्या लेखकाची आहे, हे इथे सांगायलाच हवे. सलमान रश्दी यांनी १९९२ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटसाठी या चित्रपटावर छोटेखानी पुस्तक लिहिले. मुंबईत दहाव्या वर्षी लिहिलेल्या त्यांच्या पहिल्या गोष्टीचे नावच ‘ओव्हर द रेनबो’ होते आणि आपल्याला लेखक बनवले ते या चित्रपटाने, असे ते म्हणतात. म्हणजे टीका प्रेमातून आलेली आहे, पण ती गुळमुळीत नाही. इंद्रधनुष्यापलीकडच्या प्रदेशाचे ते गाणे हे जगभरच्या स्थलांतरितांचे गीत आहे आणि घरासारखी जागा नाही ही चित्रपटातली सर्वांत कमी पटणारी कल्पना आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. लिहिताना ते स्वतः फतव्यामुळे लपून राहत होते, हे लक्षात घेतले की त्या पुस्तकातल्या ‘घर’ या शब्दाला वेगळेच वजन येते. चित्रपटाची खरी चालक शक्ती म्हणजे मोठ्या माणसांचा तोकडेपणा, हे निरीक्षणही त्यांचेच. काका-काकूंना कुत्रा वाचवता येत नाही, म्हणून मुलीला बाहेर पडावे लागते.

मी एकवीस वर्षे न्यू जर्सीत राहते. आई फोनवर विचारते, “घरी कधी येणार?” आणि मी म्हणते, “या दिवाळीला.” त्या संभाषणातले घर आम्हा दोघींचे एकच असते असे मला आता खात्रीने म्हणता येत नाही. त्यामुळे रश्दी यांचे म्हणणे मला आतून पटते. परंतु एका जागी मी त्यांच्यापाशी अडखळते. चित्रपटातली डोरोथी ऑझमध्ये पाऊल ठेवल्यापासून परत जायचेच म्हणत असते, एकदाही तिथे राहण्याचा मोह तिला होत नाही. इंद्रधनुष्यापलीकडे जाण्याची जिला इतकी ओढ होती तिला पलीकडे पोहोचल्यावर क्षणभरही आनंद होऊ नये, हे शेवटाइतकेच विचित्र नाही का? दोष शेवटी शिरलेला नाही, बराच आधीपासून आहे.

बोरूबहाद्दर

आपण सगळे मिळून शेवटाला फारच झोडपत आहोत, तेव्हा प्रतिवादीच्या बाजूने बोलतो.

दूरदेशी यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटातच आहे. घर सोडून निघालेल्या डोरोथीला वाटेत प्रोफेसर मार्व्हल नावाचा भोंदू भविष्यवेत्ता भेटतो. तिला डोळे मिटायला लावून तो तिच्या टोपलीतला फोटो काढून पाहतो आणि मग काचेच्या गोळ्यात बघितल्यासारखे करून सांगतो की तुझी काकू रडते आहे, तिने छातीवर हात ठेवला आहे, ती कोसळते आहे. मुलगी घाबरून त्याच पावली माघारी फिरते आणि मग वादळ येते. म्हणजे परत जाण्याचा निर्णय ऑझच्या आधीच झालेला आहे. ऑझमध्ये ती जे शोधते आहे ते ‘घर’ नावाची कल्पना नसून आपल्यामुळे काकू मेली तर नाही ना, याचे उत्तर आहे. चेटकिणीच्या किल्ल्यात ती एकटी कोंडलेली असते तेव्हा गोळ्यात तिला काकूच दिसते, हाका मारणारी, आणि पाहता पाहता त्या चेहऱ्याचा चेटकिणीचा चेहरा होतो. लहान मुलांच्या चित्रपटात अपराधीपणाचे याहून नेमके चित्र मी पाहिलेले नाही.

एवढे ध्यानात घेतले की शेवट धडा न राहता सुटकेचा निःश्वास होतो. डोळे उघडले तर काकू समोर धडधाकट उभी आहे. अशा वेळी घरासारखी जागा नाही असेच कोणीही म्हणेल, त्यात तत्त्वज्ञान शोधू नये. शिवाय प्रेक्षक कोण होते तेही पाहावे. मंदीचे दशक नुकते सरत होते, कॅन्सस आणि आसपासच्या मुलखातली शेते धुळीच्या वादळांनी उजाड केली होती, कुटुंबेच्या कुटुंबे कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली होती. गाण्यांचे शब्द लिहिणारे ई. वाय. हार्बर्ग स्वतः १९२९ साली शेअर बाजार कोसळला तेव्हा धंदा गमावून गीतलेखनाकडे वळलेले होते. ज्यांची घरे गेली होती त्यांच्या कानांना ते वाक्य आपल्यासारखे उपदेशाचे वाटले असेल असे मला वाटत नाही.

निमशहरी (धागाकर्ता)

बोरूबहाद्दर यांच्या प्रतिसादाने मला खरोखर अडचणीत टाकले आहे. काकूच्या जिवाच्या भीतीचा धागा माझ्या नजरेतून निसटला होता, हे प्रांजळपणे कबूल करतो.

तरीही पूर्ण माघार घेत नाही. निःश्वासच दाखवायचा होता तर तो खाटेवरच्या प्रसंगापुरता ठेवता आला असता. चित्रपटात त्याआधी पत्र्याचा माणूस परीक्षकासारखा विचारतो, डोरोथी, तू काय शिकलीस? आणि ती उत्तर देते, ते परसाचे वाक्य तेव्हाचे आहे. ग्लिंडा उत्तर बरोबर असल्याची मान डोलावते आणि मगच बूट चालू होतात. याला धडा नाही तर काय म्हणावे? शिवाय आपल्याच मुद्द्याने एक नवी पंचाईत होते. डोरोथीची घराची ओढ ज्या दृश्यातून जन्मली ते दृश्य एका भोंदूने फोटो पाहून रचलेले होते. त्याचा हेतू चांगला होता, पोरीने घरी जावे असेच त्याला वाटत होते. पण गोष्ट खोटी होती. तो भोंदू आणि पुढे पडद्यामागे सापडणारा जादूगार ही दोन्ही कामे फ्रँक मॉर्गन या एकाच नटाने केली आहेत. जादूगाराची थाप डोरोथीला कळते आणि ती त्याला खडसावते. मार्व्हलची थाप तिला कधीच कळत नाही. उलट शेवटी तो खिडकीशी येऊन तिची विचारपूस करतो आणि सगळे गोड होते.

अर्धविराम

स्वप्नाबद्दल एक गोष्ट राहून गेली. ऑझला स्वप्न ठरवल्यामुळे चित्रपटाने आपल्याच सर्वांत सुंदर क्षणाची किंमत उतरवली, असे मला वाटते. डोरोथी सेपिया रंगातल्या घराचा दरवाजा उघडते आणि बाहेर रंगांचा समुद्र दिसतो, तो क्षण आठवा. त्यासाठी घराचा आतला भाग खरोखरच तपकिरी रंगवलेला होता, दार उघडणारी पाठमोरी मुलगी ही डोरोथीचे काम करणाऱ्या ज्युडी गार्लंडची बदली होती आणि तिचा पोशाखही त्याच फिक्या रंगाचा होता. ती बाजूला होते आणि निळ्या चौकड्यांच्या झग्यातली खरी डोरोथी पुढे येते. कॅमेरा न थांबवता, हाताने केलेली ही जादू आहे. वादळही तसेच, सुमारे पस्तीस फूट लांबीच्या मलमलीच्या मोज्यासारख्या नळीतून उभे केलेले. इतक्या मेहनतीने जे जग खरे करून दाखवले, ते अखेरीस डोक्याला लागलेल्या टेंगळाच्या नावावर टाकले आहे.

आणि ते गाणे तर जवळजवळ गेलेच होते. प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळांनंतर चित्रपटाची लांबी कमी करताना कॅन्ससचा भाग रेंगाळतो म्हणून ‘ओव्हर द रेनबो’ कापण्याचा विचार स्टुडिओत झाला होता. किल्ल्यात कोंडलेली डोरोथी तेच गाणे रडत पुन्हा म्हणते असा एक तुकडा होता, तो खरोखरच कापला गेला. तो राहिला असता तर बोरूबहाद्दर यांचे म्हणणे मला अधिक पटले असते, कारण मग जाण्याची ओढ आणि परतण्याची ओढ यांना एकच सूर मिळाला असता.

मृगनक्षत्र

भीतीचा मुद्दा अजून कोणी घेतला नाही. बॉम यांनी प्रस्तावनेत म्हटले होते की जुन्या परीकथांमधला आनंद ठेवून त्यांतली दुःस्वप्ने आपण वगळणार आहोत. चित्रपटाने नेमके उलट केले. पुस्तकातल्या पश्चिमेच्या चेटकिणीला जेमतेम एका प्रकरणाएवढी जागा आहे; पडद्यावर मार्गारेट हॅमिल्टन यांनी तिला सबंध चित्रपटाची सावली करून टाकले. त्या स्वतः पूर्वी बालवाडीच्या शिक्षिका होत्या. मुले आपल्याला घाबरतात याचे त्यांना वाईट वाटत असे आणि १९७५ साली ‘मिस्टर रॉजर्स’ या मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकेत जाऊन त्यांनी तो चेटकिणीचा पोशाख कॅमेऱ्यासमोर अंगावर चढवून दाखवला, की बाळांनो, आत मीच आहे. चित्रीकरणात धुरात अदृश्य होण्याच्या प्रसंगात आग वेळेआधी भडकून त्यांचा चेहरा व हात भाजले होते आणि त्या कित्येक आठवडे घरी होत्या. पत्र्याचा माणूस होणारे पहिले नट बडी एब्सन अ‍ॅल्युमिनियमची पूड छातीत जाऊन रुग्णालयात गेले, तेव्हा ती भूमिका जॅक हेली यांना मिळाली. हे वाचल्यापासून मला त्या रंगीबेरंगी दृश्यांकडे पूर्वीसारखे निर्धास्तपणे पाहता येत नाही, पण याला चित्रपटावरची टीका म्हणावे की स्टुडिओवरची, हे मी अजून ठरवू शकलेली नाही.

दूरदेशी

धागाकर्त्यांच्या भाचीसाठी एक निरोप आहे. चित्रपट जिथे थांबतो तिथे बॉम थांबले नव्हते. १९१० साली आलेल्या सहाव्या पुस्तकात वादळानंतर नवे घर बांधण्यासाठी काढलेले कर्ज हेन्री काकांना फेडता येत नाही आणि शेत सावकाराच्या घशात जायची वेळ येते. तेव्हा डोरोथी काका-काकूंना घेऊन कायमची ऑझला राहायला जाते. घरासारखी जागा नाही म्हणणाऱ्या मुलीने घरच हलवले. रश्दी यांनीही आपल्या पुस्तकात याची आठवण करून दिली आहे.

निमशहरी (धागाकर्ता)

निरोप काल रात्री फोनवरून पोहोचवला. काका-काकू तिथे जाऊन काय करणार, शेती कोण बघणार, याची तिला फारशी चिंता दिसली नाही. तिने विचारले, “टोटो पण गेला ना?”

गेला, असे सांगितले. सहाव्या पुस्तकात तो आहे.